कुर्ली न चाखणाऱ्या काकी

काकींनी रांधलेल्या कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे, खाण्यासाठी लोक घाट उतरून येत असत, आणि काकींनी स्वतः त्या कालवणाचा थेंबही जिभेला लावलेला नसे. खोबऱ्याचे वाटप नीट भाजले की नाही हे त्या नाकाने ठरवीत, कालवण शिजले की नाही हे कानाने. झाकणाखालची रटरट जरा जाड झाली की म्हणत, "आता सोलां घालूची येळ झाली," आणि आमसुले टाकीत. मिठाला मात्र वास नसतो आणि आवाजही नसतो. त्यासाठी त्यांना दुसऱ्या कुणाची तरी जीभ लागे. पाच वर्षे ती जीभ माझी होती.

विजयदुर्गच्या खाडीकाठी एका गावातल्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, तेव्हा काकींच्या घरची पडवीलगतची खोली मला भाड्याने मिळाली. काकी एकट्याच राहत आणि पुढच्या पडवीत पाच-सात पानांची खानावळ चालवीत. माझे माहेर वैभववाडीकडचे, घाटाच्या पायथ्याचे. आमच्या घरी पावसाळ्यात शेतातले खेकडे शिजत. त्या दिवशी मी ताकभात जेवून उठत असे. इतके पाय असलेली वस्तू अन्न कशी असू शकते, हे मला उमगत नव्हते. पहिल्याच रविवारी काकींनी वाटीत थोडा रस घालून माझ्यापुढे धरला.

"मीठ बघ गो बाय."

"काकी, मी खेकडा खात नाही."

"मी पण खाय नाय. पण दोघींतल्या एकीन तरी चाखूक व्हया ना? भायर पाच पानां बसली आसत."

मी डोळे मिटून चाखले. मीठ किंचित कमी होते. तसे सांगितल्यावर त्या खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "आजपासून खोलयेच्या भाड्यात तुझी जीभ पण धरलंय हां!" महिन्याभरात मी वाटीवरून ताटावर आले. वर्षभरात डेंगा, म्हणजे पुढची जाड नांगी, फोडून आतले मांस अखंड काढण्याइतकी तयार झाले. मला कुर्ली खायला शिकवणारी बाई स्वतः ती खात नव्हती, याचे आश्चर्य मात्र कमी झाले नाही.

कुर्ली निवडण्याची त्यांची पद्धत मी पुढे वर्गातही सांगत असे, कारण निरीक्षण कसे करावे याचा तो उत्तम पाठ होता. आधी कुर्ली तळहातावर तोलायची. मग उताणी करून पोटाचे कवच अंगठ्याने दाबायचे. दबले तर आत पाणी, टणक लागले तर मांस. पौर्णिमेच्या आसपासच्या कुर्ल्या बहुधा पोकळ निघतात, अमावास्येच्या भरलेल्या. म्हणून त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर अमावास्यांना तेवढे कुंकवाचे टिंब दिलेले असे. बारीक पाय कधी फेकायचे नाहीत. ते पाट्यावर वाटून, रस गाळून कालवणात घालायचे. "खरी चव तेतुराच," असे त्या सांगत. जी चव त्या घेत नव्हत्या, तिचा पत्ता त्यांना नेमका ठाऊक होता.

या निवडीत एक पायरी अशी होती, की जिचे कारण मला कळत नव्हते. गजा नावाचा खाडीत पिंजरे लावणारा माणूस सकाळी टोपली घेऊन येई. काकी एकेक कुर्ली उचलून तिच्या डोळ्यांत बघत, आणि दर खेपेला एक कुर्ली बाजूला काढून, डेंग्यांची दोरी सोडून, परत खाडीत टाकीत. कधी ती सर्वांत लहान असे, कधी सर्वांत मोठी.

"काकी, अर्ध्या किलोची कुर्ली पाण्यात टाकतास?" गजा कळवळून म्हणे. "तेच्यापरीस माझ्या तोंडात टाका!"

"तुझ्या तोंडात आधीच जीभ जास्त झाली हा. जागा खंय आसा?"

एकदा गजा गेल्यावर मी विचारले, की सोडायची कुर्ली त्या कशी ओळखतात. त्यांनी हातातली कुर्ली माझ्यासमोर धरली. "बघ. ही वाकडी बघता. तेंच्यासारखी."

"ते" म्हणजे काका. मी या घरी येण्यापूर्वी सात वर्षे त्यांची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली होती. होडी सापडली. वल्हे सापडले. काका सापडले नाहीत. त्या गावात एक रीत होती: खाडीत बुडालेला माणूस मिळाला नाही, तर बाराव्यापर्यंत गावात कुणी कुर्ली शिजवायची नाही, आणि घरच्यांनी वर्षभर खायची नाही. कुर्ली पाण्यातले काय काय खाते, हे सर्वांना माहीत असते. ते कुणी बोलून दाखवीत नाही, एवढेच. वर्ष सरले, गाव विसरला, काकींनी मात्र रीत मोडली नाही. पोटासाठी रांधत राहिल्या, पोटात घातली नाही. आणि जे कुणी बोलत नसे ते त्या सहज बोलत. नारळ खवता खवता म्हणाल्या, "जल्मभर तेंनी कुर्ल्यो खाल्ल्यानी. मगे कुर्ल्येंची पाळी इली." आणि हसून त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

काकांची दर्भाची प्रतिमा करून संस्कार केले गेले होते. काकींनी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. "गवत जाळल्यानी नि माका सांगल्यानी, झाला म्हणान."

दुपारची पाने वाढण्यापूर्वी त्या केळीच्या पानाच्या तुकड्यावर मूठभर भात घेऊन मागच्या पायऱ्या उतरत. खाली पाण्याच्या कडेला एक सपाट काळा खडक होता. त्यावर भात ठेवून त्या दोन पावले मागे सरत, डोक्यावरचा पदर सावरीत आणि उभ्या राहत. खडकाच्या कपारीतून दोन-तीन कुर्ल्या तिरक्या चालीने वर येत. आणि मग काकी दिवसाची हकीगत सांगत. "आज सात पानां. पुण्याची. तिखाट कमी घाला म्हणतत. मगे येतत कित्याक, सांगा!" सुटीच्या दिवशी खिडकीतून मला हे ऐकू येई. त्यांच्या स्वरात दुःख नसे. कामावरून उशिरा घरी आलेल्या नवऱ्याशी बायको बोलते, तसे ते बोलणे होते. त्याची सवय होण्याऐवजी मला उलट अस्वस्थ वाटू लागले. काका जाऊन बारा वर्षे झाली होती. एक शहाणी बाई एका समजुतीपायी अडकून पडली आहे आणि तिला सोडवणे हे माझे काम आहे, असे मी ठरवले. माझे काय चुकले ते नीट सांगता यावे, म्हणून क्रमाने लिहिते.

त्या आठवड्यात मी सातवीला कवचधारी प्राण्यांचा पाठ शिकवला होता. रविवारी दुपारी भांडी आवरल्यावर काकी पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले.

"काकी, कुर्ली किती वर्षे जगते, ठाऊक आहे?"

"तू सांग. तू शिकवतंस."

"तीन वर्षे. फार तर चार."

माझ्या पिशवीत खडू होता. मी कोब्यावर एक रेघ ओढली. ही काका गेले तेव्हाची कुर्ली. तीन वर्षांनी ती संपली. तिच्याखाली दुसरी रेघ. ही तिची पिल्ले. तिसरी. चौथी. बारा वर्षे भरली. फळ्यावर काढते तशा त्या रेघा सरळ आणि समान अंतरावर आल्या होत्या. मी म्हटले, आज खाडीत आहेत त्या कुर्ल्यांचा काकांशी काहीही संबंध नाही. तुम्ही खुशाल खा.

त्यांनी बोटाने चारही रेघा मोजल्या. "म्हणजे तेंका बघलेली एक पण कुर्ली आता जिती नाय?"

"एकही नाही."

"म्हणजे खाडयेत आता कोण नाय."

"बरोबर," मी म्हटले. वर्गात अचूक उत्तर देणाऱ्या मुलीला म्हणते, त्याच आवाजात.

बुधवारी शाळेतून आले, तर काकी स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होत्या. ताटात दोन कुर्ल्या होत्या. त्या घाईने खात नव्हत्या आणि चवीनेही खात नव्हत्या. प्रत्येक पाय मोडीत, रिकामा करीत, कवचे ताटाच्या कडेला ओळीने लावीत. इतके नीट कुर्ली खाणारे माणूस मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "मीठ बरोबर आसा, बाई. आता तुमका चाखूक नको."

तोवर मी त्यांची "बाय" होते. त्या दिवसापासून "बाई" झाले, आणि "तू"ची "तुमी".

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपली सरळ आत घेतली. गजा दारात घुटमळला. "काकी, आज एक सोडूची नाय?"

"कित्याक?" काकींनी विचारले. गजाने माझ्याकडे पाहिले. मी पायरीवरची चप्पल सरळ केली.

कालवण तेच राहिले. घाट उतरून येणाऱ्यांना काही फरक कळला नाही. खाली खडकावर मात्र कुर्ल्या येत राहिल्या. ठरल्या वेळी कपारीतून निघत, रिकाम्या दगडावर डेंगे उचलून थांबत आणि भरतीचे पाणी चढले की उतरत. मी खिडकीतून ते तीन-चार रविवार पाहिले. अन्नाची वेळ प्राण्यांच्या सवयीत भिनते, याचे ते साधे उदाहरण होते, आणि ते मला बघवत नव्हते. अखेर मी खिडकी लावून घेतली. काकींनी तिकडे पाहिलेच नाही. दुपारी पाने वाढून झाली की त्या भिंतीला टेकून गप्प बसत. दिवसाची हकीगत आता त्या कुणालाच सांगत नव्हत्या. मी विचारले तर म्हणत, "काय सांगूचा? रोजचाच."

पुढच्या वर्षी माझी बदली सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला, झाली. निघताना काकींनी डबा दिला. झाकण फडक्याने पुसता पुसता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुमी खोटा काय सांगूक नाय, बाई." मग डबा माझ्या हातात ठेवून: "पण तुमका इचारल्यान कोणी?"

त्यात राग नव्हता. डब्यात कुर्ल्या होत्या. एसटीत तो मांडीवर गरम लागत राहिला. ओरोसला खोलीवर जाऊन मी तो उघडला, आणि बंद केला. त्यानंतर मी कुर्ली खाल्लेली नाही. सरकारी वसाहतीतल्या बायका आग्रह करतात, तेव्हा अंगावर पित्त उठते असे सांगते. तेवढे एक खोटे मी नियमाने बोलते.

माझ्या बदलीला नऊ वर्षे झाली, आणि यंदा श्रावणात काकी गेल्या. बाराव्याला मी गेले. त्यांच्या पुतण्याने खानावळ चालवायला घेतली आहे. त्याने कोब्यावर फरशी बसवली आहे. पान वाढले गेले, पण मला जेवण जाईना. काकांना हे कुणी कळवले नसेल, असे एकाएकी मनात आले, आणि आले ते गेले नाही. पानावरचा मूठभर भात केळीच्या तुकड्यावर घेऊन मी मागच्या पायऱ्या उतरले.

ओहोटी होती. खडक तोच होता. मी भात ठेवला आणि घड्याळ पाहिले. नऊ मिनिटांनी कपारीतून एक कुर्ली वर आली. मध्यम आकाराची, दोन-अडीच वर्षांची असावी. काकींचा भात तिने पाहिला असणे शक्य नव्हते; तिच्या आईनेही नाही. माझ्या रेघांत चूक नव्हती. आजही नाही.

"काकी गेल्या," मी म्हटले. "गुरुवारी दुपारी. त्रास झाला नाही, म्हणतात. मधली काही वर्षे त्या इथे आल्या नाहीत. त्यात त्यांचा दोष नव्हता. माझा होता."

कुर्लीने एक शीत उचलले आणि डोळे वळवून ती माझ्याकडे वाकडी बघत राहिली. कुर्ल्या सगळ्याच वाकड्या बघतात; त्यांचे डोळे देठांवर असतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. तरीही मी दोन पावले मागे सरले आणि पदर सावरून उभी राहिले.