ताई मुलाखतीला गेली नाही

माझी थोरली बहीण लोकांना विमान चालवायला शिकवते. विमान म्हणजे दोन माणसं खांद्याला खांदा घासून बसतात आणि दार लागलंय का ते ओढून बघावं लागतं, एवढंसं. वैमानिकाचा परवाना मिळाल्यापासून ती मोठ्या विमान कंपन्यांकडे अर्ज करत होती आणि कंपन्या तिला कळवत होत्या की आपला अर्ज जपून ठेवला आहे. मधल्या काळात काहीतरी करायचं म्हणून तिनं शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर शिकवायला सुरुवात केली. हा मधला काळ इतका लांबला की तिथलं मांजर तिच्या गाडीच्या आवाजानं उठून बसायला लागलं. आईच्या हिशेबी मात्र ताई अजून रांगेतच उभी होती.

मी दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. हे सांगायचं कारण, आमचे डॉक्टर ताईचे विद्यार्थी. पन्नाशीचे, गोलमटोल, पेशंटला मायेनं "काही होणार नाही, फक्त तोंड उघडं ठेवा" म्हणणारे. विमानात ताई त्यांना म्हणायची, "काही होणार नाही डॉक्टर, फक्त डोळे उघडे ठेवा." कारण चाकं जमिनीला टेकायच्या ऐन वेळी त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. बाकी सगळं त्यांना झकास यायचं. खूप दिवसांनी एकदाचे डोळे उघडे राहायला लागले, तर वारा पिसाळला. त्यामुळे एकट्यानं उडायचा त्यांचा दिवस पुढे पुढे ढकलला जात होता.

अशात सोमवारी ताईला एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. गुरुवारी मुलाखत, येणार की नाही ते फोन करून कळवावं.

आईचे पाय जमिनीवर राहिनात. तिनं पांढरा शर्ट इस्त्री केला, मग तो नको म्हणून दुसरा केला, मग पुन्हा पहिला. रात्री जेवताना ती स्वतःच मुलाखत घ्यायला बसली.

"तुमच्यातला एखादा दोष सांगा," आईनं चमचा पुढे करून विचारलं.

"आईचं ऐकत नाही," ताई म्हणाली.

"हे तिथे बोलू नकोस. पुढचा प्रश्न. तुम्हाला आमच्याकडेच का यायचंय?"

ताईनं घास तोंडात घेतला आणि चावत राहिली. फार वेळ चावला तिनं तो घास. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. आई म्हणाली, "याचं उत्तर पाठ करून ठेव."

मंगळवारी आई तासातासाला विचारत होती, "फोन केलास?" ताई म्हणत होती, "करते गं."

बुधवारी दुपारी ताई दवाखान्यात आली. डॉक्टर पुढच्या खोलीत कुणाची तरी दाढ भरत होते. मागच्या खोलीतल्या पेशंटच्या जुन्या खुर्चीवर ताई पाय लांब करून पडली आणि तिनं कंपनीला फोन लावला. मी कापूस कापत होते.

"मी उद्या मुलाखतीला येत नाहीये," ताई म्हणाली.

माझी कात्री थांबली. फोन स्पीकरवर होता. पलीकडची बाई आवाजावरून तरुण वाटत होती.

"बरं. नाही म्हणजे, दुसरी तारीख हवीय का?"

"नाही."

"नाही म्हणजे, हीच चालेल?"

"नाही, नाही म्हणजे मला यायचंच नाहीये."

पलीकडे कळफलक खडखडला. मग काळजीनं प्रश्न आला, "तब्येत बरी नाही का?"

"उत्तम आहे."

"दुसरीकडे नोकरी लागली?"

"आहे तिथेच आहे मी. मजेत आहे."

"मॅडम, माझ्यासमोर तीनच पर्याय आहेत. येणार, आजारी आणि दुसरी नोकरी. मजेत असा पर्याय नाहीये. तुम्हाला कशात टाकू?"

"तुम्हाला सोयीचं पडेल त्यात टाका."

"मग आजारीच लिहिते. काळजी घ्या हं, लवकर बऱ्या व्हा."

फोन बंद झाला आणि ताईला हसू फुटलं. असं हसू मी तिच्या तोंडून शाळेनंतर ऐकलं नव्हतं. हसता हसता तिचा हात खुर्चीच्या बाजूच्या बटणावर पडला आणि खुर्ची घरघरत वर निघाली. ती वर पोचली, मग मुद्दाम खाली आली, मग परत वर गेली. मलाही आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अगं, पण का?" मी कसंबसं विचारलं.

"परवा आईनं विचारलं ना, तिथेच का यायचंय म्हणून? मी शोधत होते गं उत्तर. सापडेचना. वाट बघायची इतकी सवय झाली होती की मधेच कधीतरी ते हवंसं वाटायचं थांबलं, ते माझ्या लक्षातच आलं नाही." खुर्ची पुन्हा वर चालली होती. "तिथे माझ्या शेजारी बसेल त्याला सगळं आधीच येत असणार. मग मी करू काय?"

एवढ्यात डॉक्टर हातमोजे काढत आत आले. "कोण आजारी आहे?"

"मी," ताई वरून म्हणाली. "डॉक्टर, बाहेर झाडाचं पान हलत नाहीये. आज एकटे उडणार का?"

डॉक्टरांचा चेहरा थेट आमच्या पेशंटसारखा झाला. "आज? मला वाटतं मला थोडी भूल द्यावी लागेल," ते म्हणाले. पण तोवर हात कोटाची बटणं काढायला लागले होते. मी उरलेल्या पेशंटना फोन करून दुसऱ्या दिवशी बोलावलं.

धावपट्टीवर ताईनं त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या आणि इंजिन चालू असतानाच ती खाली उतरली. डॉक्टर रिकाम्या सीटकडे बघत राहिले. तिनं दार ओढून बघितलं आणि गवतात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. विमान पळालं आणि टुणकन उचललं गेलं. "माझं वजन नाही ना," ताई म्हणाली, "त्यामुळे भसकन वर जातं. घाबरले असतील बिचारे." तिनं माझा दंड घट्ट धरला होता आणि ओठांनी सगळ्या सूचना पुटपुटत होती, जणू तिकडे ऐकू जाणार होत्या.

विमान वळलं, लांब गेलं, परत वळलं, उतरायला लागलं. चाकं टेकली, उसळली, परत टेकली, परत उसळली आणि एकदाची जमिनीवर राहिली. दार उघडून डॉक्टर बाहेर आले ते ओरडतच. "उघडे होते! दोन्ही उघडे होते!" मग त्या भल्या माणसानं ताईला उचलायचा प्रयत्न केला, ते जमेना म्हणून मला उचलायचा केला, आणि शेवटी आम्ही तिघं गवतात बसून हसत राहिलो.

घरी ताईनं आईला सरळ सांगितलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलत होती, ताईशी नाही. "हिला विचार, जेवणार आहे का." तिसऱ्या दिवशी शेजारीण आली आणि तिनं विचारलं, काय झालं मुलाखतीचं. मी जीव मुठीत धरला. आई आमटी ढवळत होती, तिनं मानही वळवली नाही.

"काही नाही. त्यांनी बोलावलं होतं, हिनं नाही म्हटलं."

शेजारीण बघतच राहिली. आईला ते बघणं आवडलेलं दिसलं. संध्याकाळी मावशीला फोनवर सांगताना कंपनीनं दोनदा बोलावलं होतं. रविवारपर्यंत त्यांचे मोठे साहेब स्वतः विनवण्या करून गेले होते. ताईनं एकदा समजावून बघितलं, "आई, असं काही झालेलं नाही." आई म्हणाली, "तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं?"