पंचमीचा तवा

सासूनं तव्याचे दोन तुकडे चुलीपुढं आपटले, तेव्हा अक्कानं माझ्याकडं पाहिलं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तीन महिन्यांची पोरगी तिच्या खांद्याशी होती. तिनं एवढंच विचारलं, "गंगे, काल तवा कोरडा हुता का गं?"

मी म्हणाले, "मला काय ठावं?"

एवढंच खोटं. ते मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही, देवापुढंही नाही. तुम्हाला लिहून सांगते आहे. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात जमेल तसं.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव मांजरा नदीच्या अलीकडं, अक्काचं माहेर पलीकडं, जनवाड्याला. घरात चूल एक, तवा एक — बिडाचा. साधा लोखंडी तवा पडला तर वाकतो. बीड ओतलेलं असतं. ते वाकत नाही, तडकतं. तापल्या बिडावर गार पाणी टाकायचं नाही, हे मला शिकवलं कुणी? अक्कानंच.

नागपंचमीला आमच्यात चुलीवर तवा चढत नाही. तवा म्हणजे नागाचा फणा, तो भाजायचा नसतो. त्या दिवशी उकडलेलं खायचं. बायका वारुळाला गेल्या. थोरले दीर आठ दिवस तापानं पडून होते, म्हणून अक्काही गेली, अनवाणी, नवस बोलायला. दिरांजवळ आणि पोरीजवळ मला ठेवलं.

आदल्या दिवशीचा भावाचा उपास मला सोसला नव्हता. घरात खायला काहीच नव्हतं का? होतं. दुरडीत अर्धी शिळी भाकरी होती. मला गरम पाहिजे होती. का — ते सांगता येत नाही. पाहिजे होती.

काट्याकुट्या पेटवल्या, तवा ठेवला, भाकरी थापली. एक बाजू भाजली, तोच गल्लीत बायकांची गाणी ऐकू आली. इतक्या लवकर? चूल पेटलेली दिसली असती तर चाललं असतं, पुरणाची दिंडं उकडायला आधण लागणारच होतं. पण तवा? भाकरी पदरात घेतली. तव्याला हात लावायची सोय नव्हती, आणि सासू आधी चुलीकडंच येणार होती. मी कळशी उचलली — आणि ओतली.

बीड ओरडतं. टण्णकन्. केसाएवढी चीर गेली, काठापासून मधोमध. मी तिच्यात काजळी चोळली, तवा पुसला, भिंतीला टेकवला. भाकरी परसात उभी राहून खाल्ली. जीभ पोळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का भाकरीला बसली. भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला — आणि तवा दुभंगून विस्तवात पडला.

"नवरा तापानं फणफणायलाय, अन् तुझ्या हातात तवा फुटायलाय? घर खायाला आलीस व्हय गं?"

"न्हाई ओ आत्या, मी काय केलं न्हाई."

"मग कामून फुटला? त्याला काय कळा आल्या हुत्या?"

दारातल्या शेजारणी हसल्या. मीही हसले.

तेव्हा अक्कानं मला ते विचारलं. तिला कळलं होतं. तव्याच्या काठाला माझं करपलेलं पीठ चिकटलं होतं — भाकरी टाकायच्या आधी तिला ते नखानं काढताना मी पाहिलं होतं. ती सरळ माझं नाव घेऊ शकत होती. नाही घेतलं. विचारलं. म्हणजे माझं मला बोलायला जागा दिली. आणि मी काय म्हणाले, ते वर लिहिलंच आहे.

तवा फोडणारी घरात आहे तोवर ताप उतरायचा नाही, असं सासूचं म्हणणं पडलं. दिरांना शुद्ध नव्हती. सासऱ्यांनी मान खाली घातली. दुपारीच अक्काला पोरीसकट घराबाहेर काढलं.

मांजरा भरून चालली होती. पुराच्या दिवसांत गूळ करायच्या काहिलीत माणसं बसवून पोहणारे ती पलीकडं न्यायचे. मी अक्काचं गाठोडं घेऊन काठापर्यंत गेले. तिथं तरी बोलता आलं नसतं का? आम्ही दोघीच होतो. काहिलीत पाय टाकताना ती म्हणाली, "ह्यांना आंबील पातळ दे गं. घट्ट उतरत न्हाई." मी मान हलवली. मधल्या धारेत काहील कलली, पाणी आत गेलं. काठावरून मला पोरीचं रडणं ऐकू आलं. मग तेही नाही, इतका पाण्याचा आवाज.

तिसऱ्या दिवशी दिरांचा ताप उतरला. सासू गावभर सांगत सुटली, "बघा, ती गेली अन् ताप गेला." आता तर तव्याच्या साक्षीवर शिक्कामोर्तब झालं — आणि मी ते होऊ दिलं. मार्गशीर्षात दिरांचं दुसरं लग्न लागलं. त्या लग्नाच्या भाकऱ्या मी भाजल्या, नव्या तव्यावर.

जुन्या तव्याचा मोठा तुकडा मी टाकला नाही. अजून त्यावर शेंगा भाजते. चांगल्या भाजतात.

थोरले दीर म्हातारे होऊन गेले. अक्का जनवाड्याला भावाच्या घरी राहिली, तीही पिकून गेली. पोरगी नदी ओलांडल्यावर पाचव्या दिवशी गेली. मी आहे.