चौकोनात अडकलेलं गाणं

मशीन एका कंपनीचं, ते चालवायचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं, आणि दोघांचं भांडण मिटवायचं कुणी? मी. जिंतूरकडच्या गावांतून लग्नं, मिरवणुका वाजवत फिरणारा मी डीजेवाला. माझे दोन प्लेअर हैदराबादच्या दुकानातून सेकंडहँड आणलेले. लॅपटॉपमध्ये गाणी मांडून ठेवायची, वायरीनं प्लेअर जोडायचे, चकत्या फिरवून वाजवायचं. म्हणायला एवढंच काम. पण वायर लावली की ह्या दोघांनी एकमेकाला ओळख द्यायला हवी ना! कधी देतात, कधी रुसलेल्या सोयऱ्यावानी तोंड फिरवून बसतात. येलदरीच्या एका हळदीत असेच रुसले होते. त्या दिवशी बाहेरची माणसं होती, निभावून नेलं.

मग बहिणीच्या दिराचं लग्न निघालं.

बहीण पालमकडच्या एका खेड्यात दिलेली. घर मोठं, शेती मोठी, बोलणंही मोठं. लग्नाला त्यांना नांदेडचा डीजे पाहिजे होता. बहिणीनं सासूपुढं शब्द टाकला, "माझ्या भावाला सांगा. मारुतीपाशी तो माझं एक गाणं लावंल, तसं ह्या गावात कुणी ऐकलं नसंल." सासू म्हणाली, "बघू की." मला फोनवर हे सांगताना बहिणीचा आवाज बारीक झाला. नाही वाजलं तर माझं काय जातंय, मी बॉक्स भरून गावाकडं येईन. तिला त्याच घरात राहायचंय. तिनं टाकलेला शब्द तिला त्याच चुलीपाशी रोज ऐकवतील.

गाणं म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला ती ज्यावर नाचली होती ते. लग्न झाल्यापासून ती नाचलीच नव्हती. मी त्या जुन्या गाण्याला हलगीचा ठेका बसवला, मधे मधे कापलं, जोडलं, असं सजवलं की माझं मलाच कौतुक वाटावं. तिला म्हणलं, पाठवू का? तर म्हणाली, "आत्ता नको दादा. तितंच ऐकते."

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. खरं लग्न तिथंच होतं, मांडवात नुसत्या अक्षता पडतात. सकाळी पिकअपवर बॉक्स चढवले, जनरेटर लावला, लॅपटॉप उघडला. लग्नघरचं वायफाय होतं. लॅपटॉपनं विचारलं, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलीय, घेऊ का? घाईत मी हो म्हणलं. काय बुद्धी झाली देव जाणे! नवी आवृत्ती आली, आणि तिनं माझे दोन्ही प्लेअर ओळखायचे बंद केले. वायर काढली, घातली, पुसली, फुंकली. ढिम्म!

हैदराबादच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणतो, "कायकू अपडेट मारे भाई? नये में तुमारे मॉडल का सपोर्टइच निकाल दिये उनो."

"निकाल दिये म्हणजे? कल तक तो चल रहा था!"

"कल का कल था, भाई."

असा संताप आला म्हणता! जुनी आवृत्ती परत टाकायला गेलो, तर लॅपटॉपच्या पडद्यावर जे गोल फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. लॅपटॉपचा विषय संपला.

म्हणलं, हरकत नाही. सगळी गाणी दोन पेनड्राइव्हवर पण आहेत, आणि प्लेअर पेनड्राइव्ह थेट वाचतो. एकेकात एकेक खोचला. प्लेअरच्या पडद्यावर बघतो तर गाण्यांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन. एकाखाली एक, चौकोनच चौकोन. बाकीचे डीजेवाले गाण्यांची नावं इंग्रजीत टाकतात. मी हौशी! मी एकूणएक नाव मराठीत लिहिलेलं, वेलांटी-उकार सांभाळून. लॅपटॉपला मराठी येत होती, ह्या डबड्याला येत नव्हती. आजवर मधे लॅपटॉप असल्यामुळं मला त्याचा पत्ताच नव्हता. मोबाईलवरून लावावं, तर नव्या मोबाईलला हेडफोनची वायर घालायचं भोकच नाही, आणि माझ्या मिक्सरला ब्लूटूथ नाही. ज्याला त्याला दुसऱ्याचं वावडं!

तेवढ्यात नवरदेव घोड्यावर बसला आणि परण्या निघाला.

एका प्लेअरवर हाताला येईल ते वाजवायचं, दुसऱ्यावर हेडफोन लावून तिचं गाणं हुडकायचं. चौकोन दाब, ऐक, हे नव्हे. पुढचा चौकोन, हे नव्हे. ऊन मी म्हणत होतं, घामानं हेडफोन कानावरून घसरत होता, पिकअप खड्ड्यात गेली की बोट भलत्याच चौकोनावर जायचं. पोरं नाचत होती, त्यांना काहीही चालतं. माझं लक्ष मात्र सारखं पुढं, देवळाच्या कळसाकडं. तो जवळ जवळ येत होता आणि गाणं काही सापडत नव्हतं. वाटलं, गाडीतून उडी मारावी आणि रानातून पळत सुटावं.

देऊळ आलं. नवरदेव दर्शन घेऊन पायरीवर उभा राहिला. त्यांच्या घराण्यात वहिनीनं ओवाळल्याशिवाय नवरदेव परत घोड्यावर चढत नाही. बहीण ताट घेऊन पुढं आली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तिला कळलं.

"अगं बाई, दिवा इझला," ती म्हणाली.

काडी ओढली, दिवा लावला. परत विझला. वारा कुठं होता? मी गाडीवर उंच उभा, मला वरून दिसत होतं. पदराआड तीच फुंकत होती. माझ्यासाठी वेळ काढत होती बिचारी. मी चौकोनांवर चौकोन दाबत होतो.

शेवटी सासू कडाडली, "का गं, मुहूर्त टळायलाय! कुटं हाय तुजं गाणं?" आणि माझ्याकडं वळून, "ओ पाव्हणं, वाजवायलाव का झोपलाव?"

सगळा गाव माझ्याकडं बघायला लागला. आणि त्याच क्षणाला माझ्या कानात हलगी वाजली. माझी हलगी, मी बसवलेली! सापडलं! मी आवाज पूर्ण चढवला आणि सोडलं.

हलगी कडाडली. बहिणीचं तोंड फुललं. आणि हलगीमागून आली ती घुंगरमाळांची खुळखुळ, मग बैलाला घातलेली हाळी. पोळ्याच्या मिरवणुकीसाठी केलेलं गाणं होतं ते! ठेका मी दोन्हीला एकच वापरलेला. पोळ्याला मारुतीला बैल फिरवून आणतात, आणि इथं मारुतीपुढं बाशिंग बांधून नवरदेव उभा.

"आरं, झूल कुटाय ह्याची?" कुणीतरी ओरडलं आणि लोक फिदीफिदी हसायला लागले. नवरदेवाचं तोंड पडलं. सासूचं तोंड तर बघवेना. मी बंद करायला हात नेला.

बहिणीनं हात वर केला. असू दे.

तिनं तांब्या घेतला, बैलाच्या पायावर घालतात तसं नवरदेवाच्या पायावर पाणी घातलं, कपाळभर कुंकू लावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बगून घ्या भावजी, आता जू मानंवर येयलंय! लय मोकळं हुंदडलाव!"

बाया हसून हसून वाकल्या. हिनं पदर खोचला आणि नाचायला लागली. शाळेत नाचली होती त्याहून चांगली नाचली. नवरदेवच खो खो हसायला लागला. सासूनं थोडा वेळ ओठ आवळून धरले, पण तिलाही आवरेना.

"हेच व्हय गं तुजं गाणं?"

"हेच की! मीच सांगितलं व्हतं दादाला."

जेवताना सासूनं स्वतः आग्रह करून वाढलं, म्हणाली, सून म्हणती ते खरं, असं कुणी ऐकलं नव्हतं. मी ताटात बघून जेवत राहिलो.

त्या भावकीत आता परण्या मारुतीपाशी आला की बैलाचं गाणं लागतंच. नांदेडच्या डीजेचं नाव कुणी काढत नाही. मी सगळी नावं इंग्रजीत करून टाकलीत. तिचं गाणंही सापडलं. परवा तिच्या चुलत दिराच्या परण्यात ते दुसऱ्या प्लेअरवर तयार ठेवलं आणि तिला खूण केली, तुझं लावू का?

ती गर्दीतून वाट काढत गाडीपाशी आली. "नगं दादा," हळूच म्हणाली, "आता ते लावलंस की तवा मी खोटं बोलले असं व्हईल."

"अगं, पण तुझं..."

"बैलाचं लाव."

लावलं. ती नाचायला लागली, सासूही तिच्यासोबत नाचायला लागली, आणि मी वर गाडीत उभा राहून हेडफोनमध्ये तिचं गाणं एकटाच ऐकत होतो.