रोज सकाळी नाहीसं होणारं वावर

कॉम्प्युटर बिघडला म्हणून कुणी घाबऱ्या घाबऱ्या दुकानात शिरलं, की तो आधी त्या माणसाला स्टुलावर बसवायचा. मग तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा मशीनच्या डब्यावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "जाई जाई कोठे जाई? घरमाच व्हई."

खापर गावी बाजाराच्या रस्त्यावर त्याचं एका शटरचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही आणि साठीला टेकल्यावर कॉम्प्युटर. कापडवाल्या शेठच्या मुलीच्या लग्नाचे फोटो हरवले तेव्हाही तो हेच म्हणाला, आणि डोंगरातून बाजाराला आलेल्या माणसाच्या मोबाइलमधली गाणी गेली तेव्हाही हेच. बहुतेकदा वस्तू खरंच घरात, म्हणजे मशीनमध्येच, निघायची. नाही निघाली, तर गिऱ्हाइकापेक्षा तोच जास्त हिरमुसायचा आणि चहा पाजून त्याला वाटेला लावायचा.

त्याच्या दोन सवयी तुम्हाला सांगायलाच हव्यात. नवं मशीन मांडलं की वापरणाऱ्याच्या नावाच्या जागी तो आधी 'श्री' लिहायचा, तेही देवनागरीत. शेठ लोक नवी वही उघडताना लिहितात ना, तसं. शाळेचं मशीन श्री, शेठचं श्री, माझ्या घरचंही श्री. दुसरी सवय झाडूची. सकाळी मशीन सुरू होताच आतला तात्पुरता कचरा आपोआप पुसला जावा, अशी सोय तो न विचारताच करून द्यायचा. "सकायले झाडू तं माराच पडस ना, मॅडम," असं मला म्हणायचा. मी तिथल्या शाळेत शिकवते, त्यामुळे मी त्याची मॅडम.

त्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला आणि मी तिला धानोऱ्याहून माझ्याकडे आणलं. बाकी सगळं सुधारलं, उजवा हात तेवढा रुसला. बोटं हलवत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रबरी चेंडू दिला, तो तिनं पलंगाखाली सोडून दिला. "मी काय पोर शे?" शेवटी भाच्यानं मशीनमध्ये शेतीचा एक जुना गेम टाकून दिला. पेरायचं, पाणी द्यायचं, वेचायचं, सगळं माउसनं. जन्म वावरात गेलेली बाई ती. उजव्या हातात माउस धरून दिवसभर मिरची लावू लागली, आणि शेजारणींना पिकाची खबर देऊ लागली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं तर पडीक जमीन. तिनं पुन्हा पेरलं. सकाळी पुन्हा पडीक. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिनं हात पदराखाली घेतला तो घेतलाच. "मन्हं नशीबच पडीक शे," म्हणाली. चेंडू गेलाच होता, आता माउसही गेला, तर हातही जाणार हे मला दिसत होतं. मी तडक दुकान गाठलं.

तो घरी आला, चपला दाराबाहेर काढल्या आणि मशीनकडे न बघता आईसमोर बसला. "आक्का, काल काय पेरं व्हतं?"

आईनं हात पदरात आणखी आत ओढला.

"कपाशी का मिरची?"

"मिरची," आई पुटपुटली. "आन बांधवर तूर."

मग तलाठी पीकपाहणीला यावा तसं त्यानं एकेक पीक विचारून कागदावर उतरवलं. मी चरफडत घड्याळ बघत होते. त्या कागदाचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. आईला खुर्चीपर्यंत आणायचं होतं, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. आपण शिकलेली माणसं!

आईला त्यानं एक वाफा लावायला सांगितला, आणि आत्ता कुठली फाइल नवी झाली ते अख्ख्या मशीनमध्ये शोधलं. सापडली. चेहरा उजळला आणि लगेच पडला. गेम जुना, त्याला इंग्रजीशिवाय अक्षर कळेना. वापरणाऱ्याच्या नावानं बनलेला 'श्री' फोल्डर त्याला उघडताच आला नाही, म्हणून आईचं सगळं वावर तो तात्पुरत्या कचऱ्याच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवत होता. आणि तो कचरा रोज सकाळी कोण झाडत होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्यानं दोन्ही कान धरले. "आक्का, घरमाच व्हतं, पन उकिरडावर. आन झाडू मन्हाच."

"म्हनजे मन्हं वावर तूच झाडी टाकं?"

"हा, आक्का. रोज सकायले."

आई आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग अशी हसली की तिला ठसका लागला. आजारपणानंतर घरात पहिल्यांदा असं हसू आलं. तोही डोळे पुसत हसत होता.

श्री पुसायला मात्र तो तयार होईना. त्यानं ते तसंच ठेवून आईसाठी दुसरं नाव उघडलं. गेम तिथं नीट चालला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिरची जागच्या जागी होती. ती बघायला तो दुकान उघडण्याआधी येऊन गेला. आता तो मुलीकडे सुरतेला असतो. दुकानाचं शटर बंद आहे, आणि बाजाराला गेले की मी उगाच तिथून वळून जाते.

पण मला तो आठवतो तो त्या दुपारचा. नव्या नावाची चौकट रिकामी होती. त्यानं कागदावर इंग्रजीत 'कमल' या आईच्या नावाची पाच मोठी अक्षरं काढली, कागद आईपुढे ठेवला आणि आपले हात मांडीवर घेऊन बसला. माझा हात पुढे गेला, तर मान हलवून मला थांबवलं. महिन्यापूर्वीच बँकेत पेन्शनच्या कागदावर, नेहमी सही करणाऱ्या आईला अंगठा द्यावा लागला होता, आणि त्या दिवशी ती जेवली नव्हती. हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आई कागद बघे, बटणं बघे, आणि उजव्या हाताचं बोट नेमकं टेकवे. फार वेळ लागला. पाचवं अक्षर उमटल्यावर तिनं ते नाव दोनदा बघितलं.

"बँकमा सांगी ठेव," ती मला म्हणाली. "आते मी सही करसू."