सपाट वाट

आमच्या मेडनहेडमधले शेजारी डॉक्टर दर रविवारी माझ्या कुरकुरत्या गुडघ्यासकट मला थेम्सकाठी पळवतात, आणि स्वतः नदीकडे ढुंकूनही बघत नाहीत. "अहो, फ्रान्समधल्या खेड्यातून पळून बघा, मग कळेल!" ऐकून ऐकून कान किटले.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन मी घरी पडलो, तर हे गेल्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये पळता पळता काढलेला तासाभराचा व्हिडिओ घेऊन हजर! पळून जायचीही सोय नाही. द्राक्षमळे, धापा, पुन्हा द्राक्षमळे. मग चढ लागला, आणि व्हिडिओतले डॉक्टर थांबून मलाच म्हणाले, "हा चढ तुमच्या गुडघ्याला झेपायचा नाही. थांबा, दुसरी वाट बघतो."

पुढची वीस मिनिटं हा गृहस्थ काट्याकुट्यांत माझ्यासाठी सपाट वाट शोधत होता. सापडलीही नाही.