बी बाजूची चौथी धून

भर दुपारी दार-खिडक्या लावून आम्ही दोघं तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. थंडीचे दिवस, बाहेर चांगलं ऊन पडलेलं. आळीतल्या बाया आपापल्या ओट्यावर पाठ शेकत बसल्या होत्या आणि आम्ही म्हातारा-म्हातारी आत कोंडून. कारण तिला तिची धून ऐकायची होती. आवाज इतका बारीक ठेवला होता की शेंग फोडली की धून बुडायची. म्हणून ती मधेच हात थांबवायची, माझाही हात धरून थांबवायची.

शेंगा संपत आल्या तेव्हा ती म्हणाली, "माह्या मयतीले हे लावू नका."

"तू काय आधी जाऊन राहिली काय?"

"कोणीबी जावो. हे लावू नका. येवढं एक माहं राहू द्या."

मी म्हणालो, "बरं. नाही लावत."

ती असं का म्हणाली ते सांगायचं तर माझा धंदा सांगावा लागेल. मी परतवाड्यात तीस वर्षं भोंग्याचा ऑटो फिरवला. साड्यांचा सेल लागला, सर्कस आली, नळाला पाणी येणार नाही, कोणाचं पोरगं हरवलं, सगळं मीच गल्लोगल्ली ओरडलो. आणि मयतीचा पुकारा. आमच्याकडे कोणी गेलं की घरचे आधी ऑटोवाल्याकडे माणूस पाठवतात. अमक्यांच्या मातोश्री वारल्या, अंत्ययात्रा राहत्या घरून इतक्या वाजता निघेल. ते ऐकून गाव जमतं.

धंद्याच्या सुरुवातीला एकदा अमरावतीला भोंग्याचं मशीन दुरुस्तीला नेलं होतं. तिथे फुटपाथवर एका कॅसेटचा डबा मिळाला. वरती काळं आभाळ, कडं घातलेला एक ग्रह आणि चपटी उडती तबकडी. दुकानदार म्हणाला, यात गाणं नाही, नुसतं म्युझिक आहे. सेलच्या पुकाऱ्याखाली लावायला बरं, म्हणून घेतला. पोरगी तेव्हा शाळेत होती. तिने मागचं इंग्रजी वाचून सांगितलं की हे परदेशातले पिक्चर आणि टीव्हीच्या मालिका आहेत, रॉकेटचे, परग्रहावरच्या माणसांचे. त्यांच्या सुरुवातीला जी धून वाजते, तशा सोळा धुना एका जागी गोळा केल्या आहेत. त्याही मूळ वाजवणाऱ्यांच्या नाहीत, दुसऱ्याच कोण्या बँडने पुन्हा वाजवलेल्या. मी म्हणालो, म्हणजे उसना माल.

त्यातला एकही पिक्चर आमच्या घरात कोणी पाहिला नव्हता. पण बायको त्या कॅसेटला चिकटली. भाकरी थापताना लावायची, गहू निवडताना लावायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक धुनेला तिने स्वतःचं नाव ठेवलं. एक चिखलदऱ्याच्या घाटाची, कारण ती चढतच जायची. एक बैल सुटल्याची. एक सासू आल्याची, ती ऐकून पोरगी लोळून हसायची. आणि बी बाजूची चौथी होती ती घरी येण्याची. त्यात आधी एकटाच बिगुल वाजतो, लांबून. मग हळूहळू बाकीची वाद्यं त्याच्याजवळ येतात. ती म्हणायची, "वावरातून येताना पहिले एकच दिवा दिसते, मंग सारं गाव दिसते, तसं आहे हे."

मी हसायचो. दिवसभर ओरडून आलेल्या माणसाला घरात शांतता पाहिजे असते.

मग माझ्या हातून एक चूक झाली. एका मोठ्या घरच्या मयतीच्या पुकाऱ्याच्या कॅसेटवर आधीचं पिक्चरचं नाचगाणं पुसायचं राहून गेलं आणि पहिल्याच चौकात ते वाजलं. मार खाता खाता वाचलो. तेव्हा ठरवलं, मयतीला वेगळी कॅसेट पाहिजे. अभंग लावला तर विहाराजवळची माणसं म्हणायची, आमच्या घरी हे चालत नाही. वंदना लावली तर दुसरीकडे चालायची नाही. मला अशी धून पाहिजे होती जिला शब्द नाही, देव नाही, जात नाही. घरात ती होतीच. मी बी बाजूची चौथी उतरवून घेतली आणि तिच्यावर माझा आवाज भरला. बायकोला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नाही.

तिला कळलं ते दोरीवर कपडे वाळत घालताना. रस्त्यावरून तीच धून जात होती आणि खाली माझा आवाज, कोणाचे तरी वडील वारल्याचा. मी घरी आलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाकी पंधरा होत्या ना."

"बाकीच्यांनी लोकं नाचले असते," मी म्हणालो.

दोन-तीन वर्षांत गावाला सवय झाली. बिगुल वाजला की लोक दारात येऊन हात जोडायचे, मग ऐकायचे कोण गेलं ते. दुसरे ऑटोवालेही माझ्याकडून तीच धून उतरवून घेऊ लागले. मला त्याचा अभिमान होता, हे लिहून टाकतो.

पोरीचं लग्न जमलं. साखरपुड्याला अकोल्याहून पाहुणे येणार होते. घर सारवून-झाडून झालं आणि बायकोने हौसेने तीच धून लावली. म्हणाली, घरात लावली तर ती घराचीच राहील. पाहुणे ओट्यावर चढत होते. शेजारची चार माणसं चेहरे पाडून धावत आली. होणाऱ्या व्याह्यांनी विचारलं, कोणी गेलं काय? मी आत जाऊन टेपची पिन खेचली आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "अक्कल आहे काय वं तुले? घरात मयत झाली काय?"

ती पोह्यांच्या बश्या भरत राहिली. पाहुणे म्हणाले, जाऊ द्या, बाईमाणूस आहे. मीही म्हणालो, व्हय, तिला समजत नाही. ती धून तिची होती आणि मयतीची मी केली, हे तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तेव्हापासून ती दार लावून ऐकायची.

पुढे अकोल्याला पोरीकडे गेलो असताना मी बायकोसाठी तशीच एक सीडी शोधून आणली. वर तोच ग्रह होता, यादीत तेच नाव होतं. पण वाजवणारे वेगळे, कीबोर्डवर, खाली ढोलकीसारखं काहीतरी. तिने एकदा पूर्ण ऐकली. म्हणाली, "हा मानूस घरी नाही येऊन राहिला. हा एसटी पकडून राहिला." पुन्हा लावली नाही. मग पोरीने जुनी कॅसेटच पेन ड्राइव्हवर भरून दिली.

तर त्या दुपारी शेंगा सोलून झाल्या. तिने त्या दाण्यांची, सोल्याची भाजी टाकली. दिवेलागणीला म्हणाली, पाठीत दुखते, जरा चहा द्या. मी चहा घेऊन आलो तर ती गेली होती.

पोरगी पहाटे अकोल्याहून आली. सकाळी लोकांनी विचारलं, पुकाऱ्याला कोणाला सांगू? मी म्हणालो, मीच जातो. सगळे नको म्हणत होते, तरी ऑटो काढला. पेन ड्राइव्ह खिशात राहू दिला आणि नुसता माईक तोंडाला लावला.

पहिल्या गल्लीत एकही माणूस हात जोडून उभा राहिला नाही. भोंग्यातले शब्द कोण ऐकतं? धून ऐकायची सवय मीच लावली होती. ओट्यावर दाढी करत बसलेल्या एका ओळखीच्याने हसून हात वर केला. एक बाई पिशवी घेऊन धावत आली आणि म्हणाली, "काका, संत्री कशी देल्ली?"

गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबवला. मला वाटलं, हिच्या मयतीला चार माणसं येतील. लोक म्हणतील, साऱ्या गावाच्या मयती ओरडला आणि याच्या घरी कोणी नाही. तिचं वाईट नाही वाटलं, माझंच वाटलं.

मी पेन ड्राइव्ह लावला. बिगुल वाजला तशी दारं उघडली. त्या दाढी करणाऱ्याने तोंडावरचा फेस पुसला आणि उभा राहिला. बाईने पिशवी खाली ठेवून हात जोडले. ते पाहून मला बरं वाटलं. मी दुसऱ्या गल्लीत वळलो आणि आवाज वाढवला.