पन्नासनं भागलेला रस्ता

नोएडात तेव्हा सेक्टरांचे आकडे आधी लागत आणि घरं मागाहून उगवत. मी पुण्याहून आलो त्या आठवड्यात आमच्या कारखान्यासमोर मोहरीचं पिवळंधमक शेत होतं. दिवाळीला तिथे चार मजले उभे होते आणि तिसऱ्या मजल्यावरची एक बाई चादर झटकता झटकता मला विचारत होती, "भैया, यहाँ पहले क्या था?" यातली चादर खरी आहे. बाकीचं तुम्ही थोडं कमी करून घ्या.

सगळ्या देशाला एकदम रंगीत टीव्ही हवा झाला होता, आणि तो आम्ही बनवत होतो. कंपनीचे स्वतःचे बावीस ट्रक होते. कुठला ट्रक किती वाजता सुटणार आणि किती वाजता पोचणार, हे कागदावर लिहिणारा माणूस मी. ट्रकमध्ये तोवर मी एकदाही बसलो नव्हतो. पण पाय सतत हलवत बसायची सवय, घड्याळ पाहायची त्याहून वाईट खोड, त्यामुळे मालकांना वाटलं, हा वेळेचा माणूस आहे.

मालक कुठल्याशा परदेशवारीहून वेग बांधायची कल्पना घेऊन आले. प्रत्येक ट्रकच्या इंजिनातल्या डिझेल पंपावर एक डबी बसली, तिच्यावर शिशाचं सील. पेडल पार जमिनीत घुसवलं तरी काटा पन्नासच्या पुढे सरकायचा नाही. ड्रायव्हर तिला 'डिबिया' म्हणत, आणि त्या शब्दाच्या आधी जे म्हणत ते मी इथे लिहीत नाही.

त्यांची मतं विचारून घ्यायचं कामही माझ्याकडेच आलं. गेटबाहेरच्या चहावाल्याकडे बावीस जण जमले आणि पंचवीस मतं पडली. एक म्हणाला, ट्रकला वेसण घातली. दुसरा म्हणाला, ट्रकला कसली, आपल्याला घातली. तिसरा हळूच म्हणाला की त्याची बायको खूश आहे, तर बाकीच्यांनी त्याला असा धुतला की तो पुढचे आठ दिवस दुसऱ्या टपरीवर चहा प्यायला. सगळ्यांत जुना ड्रायव्हर, ज्याला आम्ही सगळे उस्ताद म्हणायचो, तो कप उपडा करून एवढंच बोलला, "डिबिया रहने दो साब. टाइम किसने बाँधा, वो बताओ."

टाइम मी बांधला होता. नोएडा ते जयपूर पावणेतीनशे किलोमीटर. वेग पन्नास. पावणेतीनशे भागिले पन्नास, साडेपाच तास. पहाटे साडेपाचला सुटला की अकराला जयपूरच्या गोदामात. मला हे गणित इतकं सुंदर वाटलं होतं की मी त्याला चौकट काढली. जास्तीत जास्त वेग म्हणजेच सगळ्या वाटेचा वेग, असं मी धरून चाललो, आणि ऑफिसात एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. तिथेही कुणी ट्रकमध्ये बसलेलं नव्हतं.

उशीर झाला की भिंतीवरच्या तक्त्यात त्या ड्रायव्हरपुढे लाल टिकली. तीन टिकल्या झाल्या की नवा ट्रक काढून घ्यायचा आणि त्याला 'बुढिया' द्यायची. बुढिया म्हणजे आमच्या ताफ्यातला सगळ्यांत जुना ट्रक. तिचं दार दोरीनं बांधलेलं असे आणि हॉर्न सोडून तिचं सगळं वाजे. उस्तादच्या दोन टिकल्या झाल्या होत्या. त्याचा ट्रक नवा होता, आणि त्यानं तो नवरीसारखा ठेवला होता: आत मखमली झालर, बाहेरच्या आरशाला काळा गोंडा, सीटमागे त्याच्या तिन्ही मुलींची नावं स्वतः रंगवलेली. अठरा वर्षं दुसऱ्यांचे जुने ट्रक हाकल्यावर मिळालेला पहिला कोरा ट्रक.

शनिवारी संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. "सोमवार को जयपुर है. मराठा साब, आप साथ चलो. ग्यारह बजा के दिखा दो, मैं खुद चाबी रख दूँगा."

ऑफिस बघत होतं. मी म्हणालो, चलो.

दिल्लीत सरोजिनी नगरात मी ताईच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. तिला सांगितलं तर म्हणाली, "अच्छा! कधी वेळेवर अंघोळ केली नाहीस, आणि आता ट्रकांना घड्याळ शिकवणार?" आणि दशम्या बांधून दिल्या, बारा.

सोमवारी साडेपाचला सुटलो. दिवसा ट्रकांना दिल्लीत बंदी, त्यामुळे नो-एंट्री लागायच्या आत दिल्ली ओलांडून गुडगावच्या बाजूला पडायचं. दिल्लीतल्या आश्रम नावाच्या चौकात आमच्यासारखेच शे-दोनशे ट्रक हाच विचार करत उभे होते. पन्नास कुठले, पाचनं चाललो. मी घड्याळ पाहिलं. उस्ताद म्हणाला, "मत देखो. शरमा जाती है."

गुडगावला जिकडेतिकडे खड्डे, क्रेन, काचांच्या इमारतींचे सांगाडे. रस्ता रुंद होत होता, म्हणजे होता तेवढाही उरला नव्हता. त्यापुढे जरा मोकळं लागलं. माझा जीव भांड्यात पडणार तोच पुढे एक सिमेंटचा ट्रक आला. तो अठ्ठेचाळीसनं चाललेला. उस्तादनं बाजूला काढलं, पेडल दाबलं, काटा पन्नासवर जाऊन खिळला. आता अठ्ठेचाळीसला पन्नासनं ओलांडायचं म्हणजे किती वेळ? आम्ही इतका वेळ शेजारी शेजारी धावलो की दोन्ही ड्रायव्हरांनी खिडकीतून एकमेकांचं गाव विचारलं, मुलंबाळं विचारली, एका पोरीसाठी स्थळही सुचवलं. मी दशमी खात होतो. तेवढ्यात समोरून रोडवेजची बस.

दशमी माझ्या हातात होती की तोंडात, हे मला आजतागायत आठवत नाही. उस्तादनं ब्रेक मारला, सिमेंटवाला पुढे गेला, आम्ही त्याच्या मागे घुसलो आणि बस आमचा गोंडा हलवून गेली. डिबिया नसती तर उस्ताद पेडल दाबून केव्हाच पुढे निघाला असता. मग निदान अर्धा तास मी पाय हलवले नाहीत. इथे मी काहीही वाढवून सांगत नाहीये.

राजस्थानच्या नाक्यावर रांगेत पाऊण तास. अकरा वाजले तेव्हा आम्ही बहरोडच्या ढाब्यावर होतो आणि उस्ताद डोळ्यांवर पाणी मारत होता. म्हणाला, एरवी इथे थांबत नाही. तुमच्या कागदावर डोळे धुवायला जागा नाही.

जयपूरच्या गोदामात पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पोचल्याची वेळ लिहायचा कागद माझ्याच हातात. गोदामवाला आत पावती शोधत होता. मी पेन काढलं आणि हळूच म्हणालो, "उस्तादजी, ग्यारह लिख दूँ? कौन देखता है."

तो एकदम माझ्याकडे वळला. "ग्यारह लिखोगे, तो कल इक्कीस लड़कों से ग्यारह ही माँगोगे. जो बजा है वो लिखो."

"तीसरी टिकली लगेगी."

"लिखो."

मी दोन दहा लिहिलं.

परत आल्यावर मालकांसमोर उभा राहिलो. वाटेत भाषण तयार केलं होतं. वेग आणि सरासरी यांतला फरक मला कळला नाही, तिन्ही टिकल्या माझ्या आहेत, माझ्या कपाळाला लावा, असं जोरदार. प्रत्यक्षात काय बोललो? "सर, जयपूरच्या वेळापत्रकाचा फेरविचार आवश्यक असल्याचं आढळून आलं आहे." कोणाला आढळलं, कोणी चूक केली, काही नाही. जन्मभर राईचा पर्वत करत आलो, आणि त्या एका दिवशी पर्वताची राई केली.

मालक समंजस होते. बावीसही ट्रकांना जयपूरची वेळ अडीच करून दिली. मग तक्त्याकडे बघून म्हणाले, "पण तीन झाल्या ना? नियम आपणच केलाय." मी 'हो सर' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उस्तादनं झालर सोडवली, गोंडा काढला. मुलींची नावं काढता येईनात, ती तशीच राहिली. नव्या ड्रायव्हरनं ती पुसणार नाही असं कबूल केलं. बुढियाचा पंप इतका जुना होता की त्यावर डिबिया बसतच नव्हती. सगळ्या ताफ्यात वेग न बांधलेला तो एकच ट्रक, आणि तो उतारावरसुद्धा चाळिशी गाठत नसे. यावर ड्रायव्हर लोक आठवडाभर हसले. उस्तादही हसला. मी त्याच्यासमोर जायचं टाळत होतो.

पण लुधियानाचं वेळापत्रक करायचं होतं. कागद घेऊन दोन दिवस नुसता फेऱ्या मारत होतो. शेवटी गेटवर गेलो. तो बुढियाचं दार दोरीनं बांधत होता.

"उस्तादजी, माझी चूक होती. मालकांना मी ती सांगितली नाही."

"मालूम है," तो गाठ मारत म्हणाला. "सांगितली असती तर ते स्वतः येऊन बोलले असते." हे तो हिंदीत म्हणाला, पण मला ते मराठीतच ऐकू आलं.

"मालकांना आज सांगतो."

"सांगा. ट्रक परत येणार नाही." मग माझ्या हातातल्या कोऱ्या कागदाकडे बघितलं. "कहाँ का है?"

"लुधियाना."

त्यानं बुढियाच्या पायरीवर बूड टेकलं, मलाही हातानं बसायला खुणावलं. "लिखो. सिंघू बॉर्डर, आधा घंटा. मुरथल, चाय, पंद्रह मिनट, काटना मत. पानीपत के अंदर..."

मी लिहीत गेलो.